मोबाईल ठिकाण विचारतो तेव्हा



वावरात जाऊन ई-पीक पाहणीचे ॲप उघडले की मोबाईल विचारतो, 'तुमचे ठिकाण या ॲपला कळू द्यायचे का?' अकोट भागात आम्ही फिरतो तेव्हा पुष्कळ कास्तकार इथेच बिचकतात. "आपण कुठी हावो, हे सरकारले काहून सांगाव?" असे म्हणून 'नाही' दाबतात आणि पाहणी अडते.

शंका वावगी नाही. पण प्रश्न समजून मगच उत्तर द्यावे.

ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाच्या फोटोबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात, म्हणून फोटो आपल्याच गटातला आहे हे ठरते. घरच्या ओट्यावर बसून हे काम होत नाही. सातबाऱ्यावर ऊस लागला नाही, तर पुढे पीककर्जाला आणि आपत्तीच्या मदतीला अडचण येते.

आता उत्तर कसे द्यावे?

१) 'ॲप वापरत असताना' हा पर्याय निवडा. ॲप बंद केले की विचारणाही थांबते.

२) नव्या फोनवर 'अचूक' आणि 'अंदाजे' असे दोन पर्याय येतात. इथे 'अचूक' घ्या. 'अंदाजे' म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटर, म्हणजे सातशेहून जास्त एकर! त्यात आपला गट कसा सापडणार?

३) अँड्रॉइड ११ व पुढच्या फोनवर दोनदा 'नाही' दाबले की फोन पुन्हा विचारत नाही. ॲप बिघडले असे समजू नका. सेटिंगमध्ये ॲप्स, तिथे हे ॲप, त्यात परवानग्या, तिथे ठिकाण, असे जाऊन परवानगी द्या.

४) ठिकाण उपग्रहावरून कळते, त्याला टॉवरची रेंज लागत नाही. उंच उसाच्या आत शिरू नका. धुऱ्यावर मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटे थांबा.

मात्र प्रत्येकालाच 'हो' म्हणू नका. बॅटरीच्या उजेडाचे किंवा झटपट कर्जाचे ॲप ठिकाण मागत असेल, तर त्याला तुमच्या वावराशी काय घेणे? सरळ नाही म्हणा.

आमच्या शेतकी कर्मचाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे : सभासदाचा मोबाईल हातात घेऊन स्वतःच बटण दाबू नका. आधी कारण सांगा, मग त्यांनाच दाबू द्या. वावर त्यांचे, मोबाईल त्यांचा, तेव्हा होकारही त्यांचाच पाहिजे.

अडचण आल्यास गट कार्यालयात या. मुदत संपायची वाट पाहू नका.