उदयोन्मुख कलावंत आणि शासकीय शिष्यवृत्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
कला हे दीर्घ साधनेचे क्षेत्र आहे. गायक अथवा नर्तक रंगमंचावर स्थिरावण्यापूर्वी अनेक वर्षे विद्या संपादन करीत असतो. या काळात खर्च निश्चित असतो. उत्पन्न मात्र अनिश्चित. पूर्वी हा भार काही अंशी राजाश्रय वाहत असे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ही जबाबदारी मुख्यत्वे शासनाकडे आली. प्रस्तुत लेखात केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकार शिष्यवृत्ती योजनेचा या दृष्टीने विचार केला आहे.

योजनेचे स्वरूप :
ही योजना १८ ते २५ वर्षे वयोगटासाठी आहे. शास्त्रीय संगीत व नृत्य, नाट्य, मूकाभिनय, दृश्यकला, उपशास्त्रीय संगीत तसेच लोककला व पारंपरिक कला यांचा तीत समावेश होतो. अर्जदाराने गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. तज्ज्ञ समितीने निवडलेल्या कलाकारास दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे २ वर्षांत १,२०,००० रुपये मिळतात. निर्वाह, प्रवास, पुस्तके, कलासाहित्य व शिक्षणशुल्क हे सारे त्यातूनच भागवायचे असते.

मर्यादा :
पहिली मर्यादा वितरणाची. रक्कम दरमहा मोजली जात असली तरी ती चार सहामाही हप्त्यांत दिली जाते; घरभाडे मात्र दरमहा द्यावे लागते. दुसरी मर्यादा पात्रतेची. तमाशाच्या फडात किंवा गोंधळ्याच्या घरात वाढलेले मूल पाहत, ऐकत आणि साथ करीत शिकते. त्याच्या शिक्षणाचा प्रारंभ कोणत्या वर्षी झाला, हे कागदावर दाखविणे कठीण असते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. २५ ते ४० वर्षे वयोगटासाठी मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. तीत दरमहा १०,००० रुपये २ वर्षे मिळतात. परंतु ती संशोधनपर प्रकल्पासाठी असते. संगीत नाटक अकादमीने २००६ मध्ये सुरू केलेला उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार ४० वर्षांखालील कलावंतांना दिला जातो. तो सिद्ध झालेल्या गुणवत्तेचा गौरव होय. म्हणजे विद्यार्थी, संशोधक आणि पुरस्कारप्राप्त कलावंत यांची दखल या योजनांत घेतली जाते. शिक्षण संपवून पहिली मैफल किंवा पहिले प्रदर्शन उभे करू पाहणारा कलावंत मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. अनेकांची साधना नोकरीच्या शोधात खंडित होते ती याच वळणावर.

समारोप :
शिष्यवृत्ती संस्थेऐवजी थेट कलावंतास मिळते, हे या योजनेचे मोठे बलस्थान आहे. तिला मासिक वितरणाची, लोककलावंतांसाठी प्रत्यक्ष सादरीकरणावर आधारित पात्रतेची आणि शिक्षणोत्तर २ ते ३ वर्षांच्या निर्मिती-साहाय्याची जोड मिळाल्यास शासनाने शिक्षणावर केलेला खर्च कलेच्या रूपाने समाजापर्यंत पोहोचू शकेल.