क्षयाची नोंद आणि क्वांटम संगणक

शिवडीच्या महापालिकेच्या क्षयरोग रुग्णालयात परळ-लालबागच्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या रोगी येत आले आहेत. आणि जो रोग औषधोपचाराने आज बहुधा पूर्ण बरा होतो, त्याचे नुसते नाव घराला चिकटले तरी ठरलेली सोयरीक मोडते, ही गोष्ट अद्यापि खरी आहे. 2012 साली क्षयरुग्णाची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली, आणि पूर्वी दप्तरात बांधून ठेवलेली ही माहिती ‘नि-क्षय’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेतून इंटरनेटवरून जाऊ लागली.

इंटरनेटवरून जाणारा असा मजकूर कूटबद्ध असतो खरा. परंतु कूटाची किल्ली दोन संगणकांनी परस्परांत कशी ठरवावी, हे काम आजवर बहुतांशी अशा गणितावर सोपविलेले आहे की ज्याचा उलट हिशेब, उदाहरणार्थ प्रचंड संख्येचे अवयव पाडणे, साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक तोच हिशेब सहज करील, हे पीटर शोर यांनी 1994 साली सिद्ध केले. तसा संगणक अद्याप घडलेला नाही. पण चोरून टिपलेला मजकूर न उलगडता साठवून ठेवणाऱ्याला घाई कुठे असते? मजकूर गुप्त राहावयाची वर्षे आणि यंत्रणा बदलण्यास लागणारी वर्षे यांची बेरीज त्या संगणकाच्या आगमनाला उरलेल्या काळाहून अधिक भरली, तर उशीर आजच झालेला आहे, असे मिशेल मोस्का यांचे गणित सांगते. विशीतल्या रोग्याचे गुपित तर जन्मभर जपावयाचे असते.

प्रकाशकणांच्या द्वारे किल्ली पोचविण्याची बेनेट व ब्रासार्ड यांची युक्ती 1984 साली मांडली गेली, तीही बंगळूरच्या परिषदेत. मात्र तिला लागणारी खास उपकरणे प्रत्येक दवाखान्यात बसविणे दुरापास्त आहे. मला भरवसा वाटतो तो अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये संमत केलेल्या ‘एमएल-केईएम’ या पद्धतीचा. अनेक मितींच्या बिंदुजालातील ज्या कोड्यावर ती उभी आहे, ते झटपट सोडविण्याची रीत क्वांटम संगणकासाठीही अद्याप कोणास सापडलेली नाही. तरीही सावधगिरी हवीच, कारण ‘साइक’ ही दुसरी उमेदवार पद्धत 2022 साली साध्या संगणकावर तासाभरात फुटली. म्हणून जुनी व नवी अशा दोन्ही रीतींनी मिळून एक किल्ली घडवितात, आणि प्रमुख ब्राउझरांत ही तजवीज झालेलीही आहे. प्रचलित पद्धतीत 32 बाइट्सची असणारी सार्वजनिक किल्ली नव्या पद्धतीच्या मधल्या प्रतीत 1184 बाइट्सची होते. एवढा भार आजच्या जाळ्याला मुळीच जड नाही. रुग्णालयांच्या पुढील कंत्राटांतच ही अट घातली पाहिजे, कारण जुन्या कुलुपात रवाना झालेल्या आणि वाटेत कुणी टिपून ठेवलेल्या नोंदींना ती मागाहून लागू करता येत नाही.