उतरायचं की पुन्हा वर जायचं?

रात्री अभ्यासाच्या नावाखाली हॉस्टेलच्या गच्चीवर टाईमपास करताना उमरोळीवरून मुंबईकडे जाणारे विमानांचे दिवे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. "हे आता लँड होणार बघ," असं कुणीतरी हमखास म्हणतं. इथून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण ७३ किलोमीटर, म्हणजे जवळपास ४० सागरी मैल. मग इथे विमान किती उंच असायला हवं?

उत्तर सोपं आहे. विमान धावपट्टीकडे साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. आपल्या फर्स्ट इयरच्या त्रिकोणमितीनं हिशोब केला तर दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट होतात. म्हणजे ४० मैलांवर अंदाजे १२,००० फूट. वळणं, वेग कमी करणं यामुळे थोडाफार फरक पडतो, पण पायलटसुद्धा मनातल्या मनात हाच गुणाकार करत असतो.

आता हा गुणाकार आपल्याच राज्यातल्या एका अपघाताला लावून पाहू. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. ते सिडनीहून निघालं होतं आणि शेवटी रोमला पोचायचं होतं. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर ते आदळलं. विमानातले सर्व ९४ जण दगावले. आदळलं तेव्हा उंची होती सुमारे ३,६०० फूट.

८४ किलोमीटर म्हणजे ४५ सागरी मैल. आपल्या हिशोबानं तिथे विमान १३,५०० फुटांच्या आसपास हवं होतं. ३,६०० फूट ही उंची १२ मैलांवर, म्हणजे ठाण्याच्या खाडीच्या आसपास शोभणारी. चौकशीचा निष्कर्षही तोच होता. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असं पायलटला वाटलं आणि तो वेळेआधीच खाली आला. आपलं स्थान तपासायला उपलब्ध असलेली साधनं त्यानं वापरली नाहीत आणि ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली. त्या वाटेवरच्या डोंगरांची त्याला नीट माहिती नव्हती.

ही किमान उंची काय भानगड आहे? विमानतळाभोवतीच्या २५ मैलांतला सर्वात उंच अडथळा घ्यायचा आणि त्यावर निदान १,००० फूट मोकळे ठेवायचे. त्याच्याही बाहेर, येण्याच्या मार्गांसाठी अशाच उंच्या ठरलेल्या असतात. आपण नक्की कुठे आहोत याची खात्री होईपर्यंत त्याखाली जायचं नाही. नियम इतका साधा आहे!

पण नियम कागदावर असून भागत नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं बोईंग ७२७ अगदी तसंच डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. कंट्रोलरनं 'अ‍ॅप्रोचची परवानगी आहे' असं सांगितलं होतं. पायलटनं अर्थ घेतला, 'आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही.' कंट्रोलर समजत होता की डोंगर ओलांडेपर्यंत उंची पायलटच सांभाळेल. म्हणजे शब्द एकच, पण अर्थ दोन! वाईट याचं वाटतं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच ठिकाणी थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या पायलटांना सावध केलं, पण टीडब्ल्यूएपर्यंत ही गोष्ट पोचलीच नाही.

यातून तीन सुधारणा झाल्या. परवानगी मिळाली तरी नकाशावरच्या ठरलेल्या टप्प्यात शिरेपर्यंत आधीची उंची सोडायची नाही, हे स्पष्ट झालं. जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र मोठ्या विमानांत सक्तीचं झालं. आणि १९७६ पासून, पायलटनं आपली चूक शिक्षेच्या भीतीशिवाय कळवावी म्हणून नासाकडे एक व्यवस्था सुरू झाली. सुरुवातीचं यंत्र फक्त पोटाखालची जमीन मोजायचं, समोरचा कडा त्याला दिसत नसे. १९९० च्या दशकात त्याला जगभरच्या डोंगरांचा नकाशा जोडला गेला आणि मग ते पुढचंही सांगू लागलं.

मग प्रश्न संपला का? नाही. २२ मे २०१० ला मंगळूरमध्ये दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान फार उंचावरून, घाईघाईनं खाली आलं. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ते ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं आणि टोकापलीकडच्या दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. इथे स्थान माहीत होतं, यंत्रही ओरडत होतं. चौकशी अहवाल सांगतो की सहवैमानिकानं तीनदा 'गो-अराउंड' म्हणजे 'पुन्हा वर चला' असं सांगितलं होतं. कॅप्टननं ऐकलं नाही. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडमध्येही अहवालात जवळपास हेच आलं : अ‍ॅप्रोच अस्थिर, टेकणं उशिरा, 'गो-अराउंड'ची हाक निष्फळ. २१ जण गेले.

म्हणून आज नुसतं 'काळजी घ्या' सांगत नाहीत, तर 'फाटक' ठरवून देतात. ढगात १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर तपासायचं : वेग बरोबर? चाकं, फ्लॅप बाहेर? उतार बरोबर? खाली येण्याचा वेग मिनिटाला १,००० फुटांच्या आत? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर चर्चा न करता वर जायचं. बऱ्याच कंपन्यांत आणखी एक नियम असतो : सहवैमानिकानं दोनदा टोकूनही कॅप्टननं योग्य प्रतिसाद दिला नाही, तर त्यानं विमान स्वतःच्या हातात घ्यायचं. गो-अराउंड केल्याबद्दल जाब विचारायचा नाही, असंही अनेक कंपन्यांनी जाहीर केलं आहे. दहा-पंधरा मिनिटं आणि थोडं इंधन, एवढीच त्याची किंमत.

मला यातली सर्वात अवघड गोष्ट ती शेवटची वाटते. गुणाकार कुणालाही शिकवता येतो, यंत्र विकत आणता येतं. पण पंचवीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला नवख्यानं 'थांबा' म्हणणं आणि त्यानं खरंच थांबणं, हे आपल्याकडे तर फारच जड जातं. आपल्यापैकी बरेच जण तारापूर एमआयडीसीत ट्रेनिंगला जातात, पुढे तिथेच नोकरीलाही लागतील. रिअ‍ॅक्टरचं तापमान चढतंय असं एखाद्या ट्रेनीला दिसलं, तर 'साहेबांना कळत असेलच' म्हणून तो गप्प बसेल का? त्यानं बोलावं असं वाटत असेल, तर कुठल्या आकड्यावर काम थांबवायचं हे आधीच लिहून ठेवावं लागेल आणि थांबवणाऱ्याला कुणी हसणार नाही, हेही पाहावं लागेल. ही सवय लावायला आपलं वर्कशॉप आणि लॅब काही वाईट जागा नाहीत. सर, मॅडम, तुम्हीही मनावर घ्या!