जलपरीची शेपटी : घरी करा, पण पाण्यात नेऊ नका

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की मुलींना वेगवेगळे वेश लागतात. पूर्वी शिवाजी महाराज, जिजाऊ, वासुदेव यांवर भागायचं. आता मोबाईलवर पाहून मुली जलपरी व्हायचं म्हणतात. ती सिलिकॉनची चकचकीत शेपटी घरी होते का, असं डोणगावच्या आमच्या बचत गटाला बऱ्याच जणी विचारतात. म्हणून आज तेच सांगतो.

मोबाईलवर दिसते ती शेपटी दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या सिलिकॉनची असते. त्यासाठी मोठा साचा लागतो आणि मोठ्या माणसाची शेपटी 15-20 किलोपर्यंत भरते. ती आपल्या कामाची नाही. आपण आतून कापड आणि वरून सिलिकॉनचे खवले असं करू. खिडकीच्या काचा बसवताना वापरतात ती सिलिकॉनची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घेताना शिरक्यासारखा वास येणारीच मागा. दहा वर्षांच्या मुलीसाठी 280 मिलिच्या साधारण पाच नळ्या लागतात. शेपटी दोन-अडीच किलोत बसते.

आधी कापड. कंबर, नितंब, मांडी, गुडघा, घोटा आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची लांबी मोजा. ताणणाऱ्या होजिअरी कापडाची निमुळती पिशवी शिवा. मागची शिवण गुडघ्याखाली उघडीच ठेवा. तिथून पाय मोकळे राहतात आणि मुलगी चालत मंचावर जाते. मग पिशवीत आधी प्लास्टिकचा कागद घाला आणि त्याच्या आत जुनी लुगडी ठासून अंगाचा आकार द्या. रिकाम्या कापडावर खवले चिकटवले तर अंगात घालताना कापड ताणतं आणि खवले उपटतात. प्लास्टिक नसेल तर सिलिकॉन झिरपून आतली लुगडीही चिकटतात.

आता खवले. सिलिकॉन आणि कॉर्नफ्लॉवर मापाने सारखं घ्या. रंगासाठी चित्रकलेचा तेलरंग हरभऱ्याएवढा आत्ताच मिसळा, कारण सिलिकॉन वाळल्यावर वरून दिलेला रंग टिकत नाही. प्लास्टिकचे हातमोजे घालून कणकेसारखं मळा. दोन प्लास्टिकच्या मधे ठेवून लाटण्याने पापडाहून थोडं जाड लाटा. हे पटकन घट्ट होतं, म्हणून एका वेळी एकाच पोळीपुरतं मळा. लगेच कंगव्याने रेघा ओढा आणि छोट्या वाटीने गोल चकत्या पाडा. शेपटीच्या पुढच्या बाजूला सव्वाशे-दीडशे चकत्या लागतात. हे लाटणं आणि ही वाटी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

चकत्या रात्रभर वाळू द्या. साध्या गोंदाने त्या चिकटत नाहीत. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं, म्हणून नळीतलंच थोडं लावा. खालच्या ओळीपासून सुरुवात करा आणि वरची ओळ खालच्या ओळीवर अर्धी येऊ द्या, घरावर कौलं बसवतो तसं. टोकाचा पंखा जाड फोमचा कापून त्याच कापडात शिवा आणि पावलांच्या पुढच्या बाजूला येईल असा जोडा. त्यावर बोटाने सिलिकॉनचा पातळ थर द्या. शेपटी एक दिवस तशीच वाळू द्या, मगच आतली लुगडी काढा.

हे काम ओसरीवर, उघड्या हवेत करा. वाळताना वास येतो, नाक-डोळे चुरचुरतात. लहान बाळ आणि दमा असलेल्या बाईला लांब ठेवा. ओलं सिलिकॉन हाताला लागलं तर आधी कापडाने पुसा, मग साबणाने धुवा. आत सुती लेगिंग घातल्याशिवाय मुलीला शेपटी घालू नका. सिलिकॉनमधून हवा जात नाही, घाम साचतो. पंधरा-वीस मिनिटांत काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही शेपटी मंचावरची आहे, पाण्यातली नाही. पोहताना दोन्ही पाय सुटे हलले पाहिजेत. शेपटीत ते जखडतात, कापड पाणी पितं, आणि घाबरलेल्या मुलीला उभंही राहता येत नाही. कॅनडातल्या एडमंटन शहराने 2015 मध्ये आपल्या पोहण्याच्या तलावांत अशा शेपट्यांवर बंदी घातली. तिथे तर तलावाशी जीवरक्षक उभे असतात. आपल्याकडे काय आहे? विहीर आणि शेततळं. शेततळ्याला अंथरलेलं प्लास्टिक इतकं घसरतं की मोकळ्या पायांच्या मोठ्या माणसालाही वर येणं अवघड जातं. म्हणून कार्यक्रम संपला की शेपटी मुलीकडे न ठेवता गटाच्या पेटीत ठेवा.

पेटीत ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. एका घरात शेपटी एकदाच वापरली जाते, पण गटाकडे असली तर पुढच्या शाळेलाही भाड्याने देता येते. नळ्या, कापड, फोम आणि आपली मजुरी वहीत लिहा. किती वेळा भाड्याने जाईल याचा अंदाज घेऊन भाडं ठरवा. वापरून आली की साबणाच्या पाण्याने पुसा आणि सावलीत पूर्ण वाळवा. कॉर्नफ्लॉवरमुळे ओलसर जागी बुरशी धरते. घडी न घालता आडवी ठेवा.

आणि भाड्याने देताना घेणाऱ्या ताईंना प्रत्येक वेळी तोंडाने सांगा : विहिरीवर नाही, शेततळ्यावर नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.