किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’ सापडली तर काय कराल?

‘व्हेलची उलटी कोट्यवधींची’ असे व्हिडिओ अनेकांनी पाहिलेत. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर मेणासारखा राखाडी गोळा दिसला, की लॉटरी लागल्यासारखं वाटतं. पण हीच लॉटरी थेट तुरुंगात नेऊ शकते.

ही उलटी म्हणजे नेमकं काय?
स्पर्म व्हेल माकूल खातो. माकुलाची कडक चोच पचत नाही. काही व्हेलच्या आतड्यात या चोचींभोवती मेणचट पदार्थ साचतो. तोच अंबरग्रीस. तो बहुधा विष्ठेसोबत बाहेर पडतो, म्हणजे ‘उलटी’ हे नावच चुकीचं! अत्तराचा सुगंध टिकवायला तो वापरतात, म्हणून त्याला एवढी किंमत.

मग विकला तर?
1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्पर्म व्हेल संरक्षित आहे. त्यामुळे भारतात अंबरग्रीस बाळगणं आणि विकणं, दोन्ही गुन्हा आहे. मुंबई, ठाणे, पुण्यात ग्राहक शोधताना अनेकांना अटक झाली आहे.

सापडला तर काय करायचं?
घरी नेऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाला किंवा पोलिसांना कळवा. वाहून आलेलं साधं मेण किंवा गोठलेलं पामतेलही असंच दिसतं. त्यामुळे खात्री तपासणीनंतरच होते.