सतरा वर्षे राज्याची बाजू

११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना प्रेम आहुजा खून खटल्यात जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल लागेपर्यंत नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवावे, असा आदेश निघाला. हा आदेश घटनेला धरून आहे, हे पटवून देण्याची जबाबदारी राज्याचे महाधिवक्ता होर्मसजी माणेकजी सीरवई यांच्यावर आली. उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपालांचा अधिकार मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबरमध्ये चार विरुद्ध एक मताने सांगितले, की प्रकरण आमच्यापुढे असताना असा आदेश टिकत नाही.

महाधिवक्त्याचे पद तसे चमत्कारिकच आहे. घटनेच्या १६५व्या कलमाप्रमाणे राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची पात्रता लागते, पण मुदत ठरलेली नसते. राज्यपालांची मर्जी आहे तोवर पद. विधिमंडळात जाऊन बोलता येते, मतदान करता येत नाही. अशा मर्जीवरच्या पदावर सीरवई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे राहिले. नेमणूक झाली ती द्वैभाषिक मुंबई राज्यात. पुढे महाराष्ट्र झाला, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, मारोतराव कन्नमवार आले, मग वसंतराव नाईकांचा दीर्घ काळ सुरू झाला. महाधिवक्ता तेच राहिले.

५ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेले सीरवई एल्फिन्स्टन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून वकील झाले आणि सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. पुढे याच चेंबरमध्ये नानी पालखीवालाही आले.

त्यांची कीर्ती मुंबईपुरती राहिली नव्हती. १९६४ साली उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगाबद्दल गोरखपूरच्या केशव सिंह यांना तुरुंगात पाठवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामीन दिला, तर सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच पकडून आणण्याचा ठराव केला! अखेर राष्ट्रपतींनी हा पेच सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवला. तिथे विधानसभेची बाजू मांडायला सीरवई उभे राहिले. आपले विशेषाधिकार ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार सभागृहाला मान्य नाही, हे त्यांनी न्यायालयालाच स्पष्ट सांगितले. साताऱ्याचे सुपुत्र, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या नेतृत्वाखालील बहुमताने तो दावा नाकारला.

या सगळ्या धबडग्यात, १९६७ साली, त्यांचा भारतीय घटनाकायद्यावरचा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्वोच्च न्यायालयाचा कोणता निकाल कुठे आणि का चुकला, हे त्यात नावानिशी, कारणांसह लिहिलेले आहे. ज्या न्यायमूर्तींपुढे रोज उभे राहायचे, त्यांच्याच निकालांची अशी तपासणी पदावर असताना करायला मोठे धैर्य लागते. सीरवईंचे सर्वांत मोठे काम कोणते, तर न्यायालयात जिंकलेल्या खटल्यांच्याही आधी या ग्रंथाचे नाव घ्यावे लागेल.

केशवानंद भारती खटला आला तेव्हा ते महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते आणि केरळ सरकारतर्फे लढले. समोर पालखीवाला होते. सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी झाली. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, अशी सीरवईंची मांडणी होती. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला आणि संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, हा सिद्धान्त जन्माला आला. मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले पालेकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोघेही अल्पमतात होते.

पुढच्याच वर्षी सीरवईंनी पद सोडले. त्यानंतर वर्षभरातच आणीबाणी आली.

एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. सीरवईंनी १९७८ साली या निकालावर स्वतंत्र पुस्तक लिहून त्याचा एकेक मुद्दा खोडला. इतकेच नव्हे, ज्या मूलभूत चौकटीविरुद्ध ते आठवडेच्या आठवडे बोलले होते, तीच त्यांनी आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत योग्य ठरवली. सत्तेवरचा लगाम सुटला की काय होते, हे देशाने पाहिले होते. त्या अनुभवापुढे स्वतःचाच युक्तिवाद पुन्हा तपासावा, असे या बुद्धिमान आणि कमालीच्या आग्रही माणसाला वाटले. आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनात असे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

न्यायाधीशांच्या नेमणुका आणि बदल्यांचा वाद १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मुंबईच्या वकिलांच्या वतीने, केंद्र सरकारच्या विरोधात, पंचाहत्तरीला टेकलेले सीरवईच युक्तिवाद करत होते. पुढे १९९३ साली न्यायालयाने नेमणुकांचा निर्णायक अधिकार न्यायाधीशांकडे घेतला. त्यावर ते खूश होतील, असे कुणालाही वाटले असते. पण घटनेत असे कुठेही लिहिलेले नाही, असे सांगत त्यांनी ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत त्या निकालावरही कठोर टीका केली.