दोन ब्लॉकमधलं अंतर

स्पिंडल बंद. बिटाच्या टोकाला सुतळीचा फास, त्यात अडकवलेला स्प्रिंगकाटा, आणि टोकाच्या दुसऱ्या बाजूला टेकवलेली डायल. काटा ५ किलोवर येईपर्यंत सावकाश ओढायचं आणि डायलवर वाचायचं, टोक किती सरकलं. टेबल एमडीएफचं असल्यानं डायलचा मॅग्नेटिक स्टँड त्याला चिकटत नाही, म्हणून खाली एक जाड लोखंडी पट्टी क्लॅम्प करावी लागते. बाकी या परीक्षेला काही खर्च नाही. घरी बांधलेला सीएनसी राउटर कसा आहे, हे मला त्याच्या मालकापेक्षा या डायलकडून ऐकायला आवडतं. मालक आधी स्पिंडल किती किलोवॅटचा ते सांगतो.

हे मशीन कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका सुताराच्या शेडमध्ये आहे. पूर्वी ते देवघरं आणि दारांची जाळी पटाशीनं करायचे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, गणपतीची मखरं प्लायची आणि एमडीएफची मागितली जाऊ लागली, आणि हातानं तेवढं काम उरकेना. मग चौकोनी पाइपची फ्रेम, २० मिलिमीटरच्या चौकोनी रेल, बॉलस्क्रू, स्टेपर मोटरी आणि २.२ किलोवॅटचा पाण्यानं थंड होणारा स्पिंडल असं सगळं जमवून त्यांनी हे उभं केलं. दिसायला दणकट. पण कापलेल्या गोलाला कॅलिपर लावला, तर एका दिशेनं माप कमी आणि दुसऱ्या दिशेनं जास्त. जाळीच्या कडेवर बारीक लाटा. कोपऱ्यावर बिट वळताना आवाज बदलायचा.

सुतारांचा संशय रेलवर होता. महागातल्या रेल आणाव्यात काय, असं त्यांचं चाललं होतं. शेजारच्या गाळ्यातले काका, मशीनशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, डायल घेऊन आले ते याच कारणानं.

पहिली ओढ गॅन्ट्रीच्या, म्हणजे टेबलावरच्या आडव्या तुळईच्या, लांबीच्या दिशेनं. टोक ०.४२ मिलिमीटर सरकलं. काका तोंडानं काही बोलले नाहीत. डायल उचलून स्पिंडल जिच्यावर बसतो त्या कॅरेजच्या प्लेटच्या खालच्या कोपऱ्यावर लावली, मग वरच्या. वरचा कोपरा उलट्या दिशेला जात होता. म्हणजे अख्खी प्लेट गॅन्ट्रीच्या रेलवर तिरकी होत होती. त्यांनी प्लेटमागं बोट घालून रेलवर सरकणारे ब्लॉक चाचपले आणि म्हणाले, "ब्लॉकला काय रोग न्हाई, मिस्त्री. जवळजवळ बसवल्यात त्येला ब्लॉक काय करणार?"

एकाच रेलवरच्या दोन ब्लॉकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिलिमीटर होते. स्क्रूच्या नटापासून बिटाच्या टोकापर्यंत २४०. खाली लाकूड बिटाला ढकलतं तेव्हा नटापाशी प्लेट अडकलेली असते, त्यामुळं ती फिरायला बघते, आणि तिला फिरू न देण्याचं काम ब्लॉकांच्या जोडीवर येतं. एक ब्लॉक वर रेटला जातो, दुसरा खाली. २४० भागिले ८०, म्हणजे टोकावरच्या बळाच्या तिप्पट. हेच दोन ब्लॉक १६० वर नेले, तर रेटा निम्मा होतो. रेटा निम्मा म्हणून ब्लॉकचं दबणं निम्मं, आणि तेवढंच दबणं आता दुप्पट अंतरावर वाटलं गेल्यानं तिरकेपणा आणखी निम्मा. एकूण चौथाई. अंतर दुप्पट, डळमळ चौथाई. ब्लॉकमध्ये नुसता मोकळा प्ले असेल, तर त्याचा परिणाम मात्र निम्म्यावरच थांबतो, कारण तो बळावर अवलंबून नसतो. नवीन ब्लॉक घेऊन जे विकत मिळत नाही, ते चार भोकं सरकवून मिळतं.

याविषयी जुना २:१ चा नियम पुष्कळांना माहीत असतो: बळ लागतं ती जागा मार्गापासून जितकी दूर, त्याच्या निदान निम्मं अंतर दोन बेअरिंगमध्ये हवं. तो नियम मुळात घर्षणाचा आहे. रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन आवळतो, तीच गोष्ट. साध्या बुशच्या बेअरिंगला तो काटेकोर लागू पडतो. गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये घर्षण इतकं कमी असतं, की ३:१ लाही काही अडत नाही. मशीन चालतं, आणि माणूस समजतो की बांधणी बरोबर आहे. ही डळमळ बिट लाकडात शिरल्यावरच दिसते.

प्लेट बदलली. अंतर १६० केलं. पुन्हा ५ किलो ओढलं तर ०.२०. चौथाई झालं नाही, कारण त्या ०.४२ मध्ये वर-खाली जाणाऱ्या झेडच्या स्लाइडचा आणि स्पिंडलच्या क्लॅम्पचाही वाटा होता, आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता.

दुसरी ओढ समोरून मागं. इथं ०.५५ आले. ब्लॉक लांब केल्याचा या दिशेला काडीचा उपयोग नव्हता. या दिशेला टोक ढकललं की गॅन्ट्रीला पीळ बसतो, आणि गॅन्ट्री होती मागून उघड्या सी-चॅनेलची. मोटरीच्या वायरी आत नीट बसतात म्हणून ती निवडलेली. माझ्या मते घरगुती मशीन बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथं होते. चॅनेल वाकायला चांगलं विरोध करतं, त्यामुळं मधोमध दाबून बघितलं तर खूश करतं. पिळाला मात्र ते पत्र्यासारखं. ८० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्या आणि लांबीभर एक चीर पाडा. वजनात फरक जवळजवळ शून्य, पण पिळाला विरोध हिशेबानं सुमारे २७० पट घटतो. चॅनेलची मागची बाजू म्हणून ६ मिलिमीटरच्या प्लेटनं बंद केली. वेल्डिंग केलं असतं तर उष्णतेनं रेलची बसक बिघडली असती, म्हणून जवळजवळ स्क्रू आणि मध्ये इपॉक्सी. स्क्रूचा सांधा पाइपाची बरोबरी करत नाही, तरी ०.५५ चे ०.२५ झाले. वायरी आता वरून, उघड्यावर लोंबतात.

उंचीचा मुद्दा काकांनी शेवटी काढला. गॅन्ट्रीखाली १५० मिलिमीटर जागा सोडलेली, आणि कापायचं काय, तर ६ ते १८ मिलिमीटरचं प्लाय. टोकाची हालचाल या उंचीच्या वर्गानं वाढते, तेव्हा ही हौस चांगलीच महाग. टेबलाखाली एमडीएफचे दोन थर टाकून टेबलच वर उचललं.

या बदलांनंतर रेल पुन्हा जुळवून बसवणं मी बराच वेळ बघत राहिलो. एक रेल पक्की आवळायची, ती मूळ. दुसरीचे स्क्रू नुसते टेकवून ठेवायचे. मग कॅरेज एका टोकापासून हातानं ढकलत न्यायची आणि ती जिथं उभी असेल तिथले स्क्रू आवळत जायचं, म्हणजे दुसरी रेल पहिलीला समांतर आपोआप जाते. काका कॅरेजला एकाच बोटानं ढकलत होते. कुठं जड लागलं की तिथलाच स्क्रू ढिला. एका टोकाला गॅन्ट्रीचा पृष्ठभाग खाली बसलेला निघाला. तिथं शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून शिम घातली; तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. लांब ठेवलेल्या ब्लॉकांचा इथंही फायदा आहे. रेलमध्ये तेवढाच खळगा असेल, तर ८० वर प्लेट जितकी झुकते, त्याच्या निम्मीच १६० वर झुकते.

काटकोन तपासायला ६०० आणि ८०० च्या आयताला चार कोपऱ्यांवर भोकं पाडली. दोन्ही कर्ण १००० यायला हवेत. गॅन्ट्री दोन बाजूंच्या दोन स्क्रूंवर चालत असल्यानं एका बाजूचं होमिंग स्विच थोडं सरकवून ते जमलं.

राहिला गमावलेला प्रवास. ब्लॉक लांब गेले तसे आडवे ८० मिलिमीटर कमी झाले. जिथं अडीच फुटी मखराची कमान एका दमात कापली जायची, तिथं आता ६८० मिलिमीटरवर स्विच लागतो. सुतारांना रेल आणि गॅन्ट्री १००० वरून ११०० करायची होती. काकांनी भिंतीवर खडूनं ११ चा घन मांडला, १३३१: लांबी दहा टक्के वाढली तर मधोमध वाक तिसऱ्या हिश्श्यानं वाढणार. बराच वेळ वाद झाला. शेवटी कमान मधोमध दोन तुकड्यांत कापायची आणि सांध्यावर कमळ बसवायचं ठरलं. कमळाचे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येतील का, यावर सुतार आता विचार करतायत.